विसावा कुठे शोधायचा? मराठी ख्रिस्ती समाजातल्या एका जुन्या चर्चेचा आढावा

छत्रपती संभाजीनगरच्या कॅथोलिक कॅथेड्रलला सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांचे नाव आहे. त्याच नावाच्या शाळेमुळे ते शहरातल्या हजारो बिगरख्रिस्ती घरांतही ठाऊक झाले. मात्र हे फ्रान्सिस कोण, हे फार थोड्यांना सांगता येईल. ते जिनिव्हाचे बिशप होते. १६०९ च्या सुमारास त्यांनी फ्रेंचमध्ये भक्तिजीवनावर एक पुस्तक लिहिले, तेही मठातल्या संन्याशांसाठी न लिहिता सैनिक, कारागीर आणि संसारी स्त्रियांसाठी. देवाजवळ जायला घरदार आणि कामधंदा सोडावा लागत नाही, ज्याने त्याने आपल्या जागी राहून ते साधावे, असे त्यांनी मांडले. त्या काळी हे धाडसाचे होते.

त्यांच्या नावाचे कॅथेड्रल असलेल्या या शहराला लागूनच वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहती आहेत. तिथे पाळ्या तीन, आणि साप्ताहिक सुट्टी प्रत्येकाला रविवारीच मिळेल असे नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात येशू कष्टी आणि ओझ्याने वाकलेल्या लोकांना आपल्याकडे बोलावतो आणि त्यांना विसावा देण्याचे वचन देतो. ख्रिस्ती घरांत भिंतीवरच्या कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर, कबरीच्या दगडावर हे वचन दिसते. पण हा विसावा नेमका मिळतो कुठे? रविवारच्या उपासनेत, रात्रभराच्या प्रार्थनेत, आश्रमातल्या मौनात, की माणसाला माणसासारखे जगू देणाऱ्या व्यवस्थेत? मराठी ख्रिस्ती समाजात या प्रश्नाची चर्चा दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही थोडे कमी. एवढ्या लहान समाजात या प्रश्नाला निदान चार वेगवेगळी उत्तरे नांदत आली आहेत.

पार्श्वभूमी: एक आज्ञा, दोन कारणे

चर्चेचे मूळ शब्बाथाच्या आज्ञेत आहे. सातव्या दिवशी काम करू नये, ही आज्ञा जुन्या करारात दोनदा येते आणि दोन्ही ठिकाणी तिचे कारण वेगळे आहे. निर्गमच्या विसाव्या अध्यायात देवाने सृष्टी घडवून सातव्या दिवशी विश्राम घेतला, हे कारण दिले आहे. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात मात्र इस्राएल लोकांना त्यांच्या मिसरमधल्या गुलामगिरीची आठवण करून दिली आहे. तुमच्या दासदासींनाही तुमच्यासारखाच विसावा मिळाला पाहिजे, असे तिथे बजावले आहे. पहिल्या कारणाचा धागा उपासनेकडे आणि ध्यानाकडे जातो, दुसऱ्याचा श्रमिकाच्या हक्काकडे. पुढचे बरेच मतभेद इथूनच फुटतात.

नव्या करारात येशू शब्बाथाच्या दिवशी रोग्यांना बरे करतो आणि त्यावरून वाद ओढवून घेतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तर देवाच्या लोकांसाठी एक विसावा अजून शिल्लक आहे, असे म्हटले आहे. पहिले ख्रिस्ती लोक येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवारी एकत्र जमू लागले. ३२१ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवार विश्रांतीचा दिवस ठरवला. चौथ्या शतकापासून इजिप्तच्या वाळवंटात एकांतात राहणारे तपस्वी होतेच. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठातला दिवस प्रार्थना, वाचन आणि अंगमेहनत यांत वाटून दिला.

मराठी मुलुखात प्रोटेस्टंट मिशनचे काम १८१३ मध्ये मुंबईत अमेरिकन मराठी मिशनने सुरू केले. १८३१ पासून अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, त्याचे मोठे केंद्र बनले. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, चर्च मिशनरी सोसायटीचे काम पारशी घराण्यातून ख्रिस्ती झालेल्या रत्तनजी नवरोजी यांनी दीर्घकाळ सांभाळले. जालन्याजवळ नारायण शेषाद्री या ब्राह्मण घराण्यातून आलेल्या पाळकांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले आणि त्यासाठी हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाच्या संघाचे फादर वैजापूर तालुक्यातल्या घोगरगावपर्यंत पोहोचले. १९७७ मध्ये औरंगाबादचा स्वतंत्र कॅथोलिक धर्मप्रांत झाला. १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचाही मराठवाडा धर्मप्रांत आहे.

या भागात ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतले, गावकुसाबाहेरचे होते. १८७६ ते १८७८ आणि १८९६ ते १९०० या दुष्काळांनी पिचलेली कुटुंबे त्यांत पुष्कळ होती. ओझ्याने वाकलेल्यांना दिलेले आमंत्रण या लोकांनी ऐकले तेव्हा ते ओझे डोक्यावरचे आणि खरोखरीचे होते. ही गोष्ट पुढच्या प्रत्येक भूमिकेच्या मागे उभी आहे.

पहिली भूमिका: रविवार आणि संस्कार

सर्वांत जुने आणि सर्वाधिक लोकांनी पत्करलेले उत्तर असे: विसावा मंडळीत मिळतो. रविवारी सगळ्यांनी एकत्र यावे, वचन ऐकावे, मिस्सामध्ये किंवा प्रभूभोजनात सहभागी व्हावे, पापांची कबुली द्यावी, क्षमा घ्यावी आणि हलके होऊन घरी जावे. मन लागो न लागो, येत राहावे. विसावा आपण निर्माण करत नाही, तो आपल्याला दिला जातो, हे या भूमिकेचे मर्म आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ मध्ये रविवारच्या महत्त्वावर एक स्वतंत्र पत्रच लिहिले. रविवार हा नुसता ‘वीकएंड’ होऊ नये, ही त्यामागची चिंता.

मराठी भूमीत या भूमिकेला एक खास अंग आहे, ते संगीताचे. अहमदनगरच्या मंडळ्यांत एकोणिसाव्या शतकातच कृष्णाराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पुढे नारायण वामन टिळकांनी अभंग, पदे आणि भजने लिहिली आणि ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक प्रोटेस्टंट घरोघरी पोहोचले. पेटी, तबला आणि टाळांच्या साथीने म्हटलेल्या या गीतांनी उपासनेतला परकेपणा कमी केला. पूर्वी साहेबी चालीवर म्हणाव्या लागणाऱ्या प्रार्थनेत आजीलाही सूर सापडला, हे श्रेय या पिढीचे.

आक्षेप दोन आहेत. पहिला नेमका दिवस कोणता याचा. पुण्यात ज्यांचे स्पायसर विद्यापीठ आहे, ते सेव्हंथ-डे अॅडव्हेंटिस्ट पंथाचे लोक शनिवारच पाळतात. बायबलमध्ये शब्बाथ बदलल्याची आज्ञा नाही, हे त्यांचे म्हणणे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत ते रोजचे कामधाम बाजूला ठेवतात. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. सवयीने केलेली उपासना माणसाला आतून बदलतेच असे नाही. हाच आक्षेप दुसऱ्या भूमिकेचा पाया झाला.

दुसरी भूमिका: उज्जीवन

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. पुढे त्यांनी आपल्या आत्मकथनात नमूद केले की बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षे आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र गवसला नव्हता. मनाची खरी शांती त्यांना मागाहून, १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला मिळाली. विधी आधी आणि अनुभव नंतर, हा त्यांच्या जीवनाचा क्रम उज्जीवनवादी, म्हणजे विसावा अंतःकरण हेलावणाऱ्या जागृतीत मिळतो असे मानणारे, आजही उदाहरण म्हणून सांगतात.

दौंड तालुक्यातल्या केडगावला रमाबाईंच्या मुक्ती सदनात १९०५ च्या जून महिन्यात जे घडले, त्याची नोंद जगभरच्या पेंटेकॉस्टल इतिहासात होते. रमाबाईंनी मुलींचे प्रार्थनागट केले होते. २९ जूनच्या पहाटे मुलींच्या खोलीत एक मोठी मुलगी प्रार्थनेत होती. तिच्या सोबतिणीला तिच्याभोवती आग दिसली, ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, आणि ओतणार तोच तिच्या लक्षात आले की मुलगी पेटलेली नाही. हा प्रसंग तिथे काम करणाऱ्या मिनी एब्रम्स यांनी लिहून ठेवला. पुढचे कित्येक दिवस शाळेचे वेळापत्रक मोडले. मुली रडत होत्या, आपले अपराध मोठ्याने कबूल करत होत्या, मग गात होत्या. यांतल्या अनेकजणी दुष्काळातून वाचलेल्या, कोणी बालविधवा. ज्यांचे दुःख कोणी ऐकून घेतले नव्हते, त्यांना ते मोठ्याने मांडायला इथे जागा मिळाली, असा या घटनेचा अर्थ नंतरच्या अनेक अभ्यासकांनी लावला आहे. श्रद्धावंतांसाठी अर्थातच ते पवित्र आत्म्याचे काम होते. दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असू शकतात, हेही लक्षात ठेवायला हवे.

कॅथोलिक चर्चमध्ये ही लाट उशिरा आली. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठातल्या काही प्राध्यापक-विद्यार्थ्यांपासून कॅरिस्मॅटिक चळवळ सुरू झाली आणि १९७२ च्या सुमारास मुंबईत पोहोचली. केरळमधल्या मुरिंगूर इथल्या डिव्हाइन रिट्रीट सेंटरला महाराष्ट्रातून रेल्वेने जाणाऱ्या कुटुंबांची संख्या मोठी आहे. मराठवाड्यातल्या वस्त्यांत तर उज्जीवन सभा, उपवास-प्रार्थना आणि रात्रभराची जागरणे हा धार्मिक जीवनाचा नेहमीचा भाग झाला आहे. सभेचा क्रम साधारण ठरलेला असतो: आधी बराच वेळ स्तुतिगीते, मग साक्षी, मग संदेश, शेवटी पुढे येऊन डोक्यावर हात ठेवून घेणे. साक्षीचा भाग बारकाईने ऐकण्यासारखा असतो. दारू सुटली, नवऱ्याची मारहाण थांबली, कर्जाच्या विवंचनेत झोप लागू लागली, असे लोक माइकवर सांगतात. इथे विसाव्याचा अर्थ अगदी ठोस आहे.

या भूमिकेवरची टीकाही जुनीच आहे. भावनेचा उमाळा ओसरल्यावर काय उरते, हा प्रश्न रमाबाईंच्या काळात मिशनऱ्यांनीच विचारला होता. आज त्यात आजार बरे करण्याच्या दाव्यांची आणि पैशाच्या हिशेबाची भर पडली आहे. मुख्य प्रवाहातले पाळक आणि फादर बहुधा मधला मार्ग सुचवतात: प्रार्थना करा, औषधही घ्या.

तिसरी भूमिका: मौन आणि ध्यान

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे येशूभक्त असावेत, अशी त्यांची कल्पना होती. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. पण मराठी संतपरंपरेच्या वळणाने ख्रिस्ती शांती शोधण्याची वाट मोकळी झाली.

तीच वाट वेगळ्या रीतीने इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो यांनी धरली. १९२२ मध्ये त्यांनी ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. पुढे पुण्यात शिवाजीनगरला त्याचा आश्रम झाला. १९२७ मध्ये तिथे आलेला एक तरुण म्हणजे पुढे आदिवासींचे अभ्यासक म्हणून गाजलेले व्हेरियर एल्विन. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हाच आश्रम ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम म्हणून नव्याने उभा राहिला. अद्वैत वेदान्ताच्या अभ्यासक सिस्टर सारा ग्रँट यांच्याबरोबर तिथे राहणाऱ्या अँग्लिकन भगिनी वाँटेजच्याच संघाच्या होत्या, म्हणजे ज्या संघाच्या छायेत रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, त्याच्याच. कॅथोलिक आणि अँग्लिकन भगिनी एकाच छपराखाली, जमिनीवर बसून प्रार्थना, आरती, शाकाहार, उपनिषदांचे आणि बायबलचे वाचन, असा तिथला दिनक्रम होता.

या धारेतले जगभर पोहोचलेले नाव मात्र फादर अँथनी डिमेलो यांचे. मुंबईत १९३१ मध्ये जन्मलेल्या या जेझुइटांनी पुण्यात साधना संस्था सुरू केली, ती पुढे लोणावळ्याला गेली. त्यांचे ‘साधना’ हे पुस्तक १९७८ मध्ये आले. श्वासाकडे लक्ष देणे, अंगावरच्या संवेदना टिपणे, आवाज नुसते ऐकणे, आणि मग त्या शांततेतून येशूशी बोलणे, असे सोपे सराव त्यात आहेत. त्याच्या मागे संत इग्नेशियस यांच्या तीस दिवसांच्या साधनेची जेझुइट परंपरा होती, आणि विपश्यनेचा अनुभवही. १९८७ मध्ये डिमेलो न्यूयॉर्कमध्ये अचानक वारले.

त्यांच्या निधनानंतर अकरा वर्षांनी, १९९८ मध्ये, व्हॅटिकनने त्यांच्या लेखनाविषयी सूचना काढली. सुरुवातीचे लेखन बौद्ध आणि ताओ विचारांच्या प्रभावाखाली असले तरी ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत आहे, नंतरच्या लेखनात मात्र देव आणि ख्रिस्त यांविषयीची शिकवण पुसट होते, असा तिचा सूर होता. त्याआधी १९८९ मध्ये व्हॅटिकननेच ख्रिस्ती ध्यानावर एक पत्र काढले होते. पौर्वात्य पद्धती प्रार्थनेची तयारी म्हणून वापरता येतील, पण मनाची शांतता म्हणजेच देवाची भेट असे समजू नये, हा त्यातला मुद्दा. डिमेलोंचे समर्थक म्हणतात की ज्यांना चर्चच्या दारात पाऊल टाकवत नव्हते, त्यांना त्यांनी प्रार्थनेपर्यंत आणले. टीकाकार विचारतात, कोणाची प्रार्थना? त्यांची पुस्तके आजही मिळतात आणि वाचली जातात, आणि हा वाद मिटलेला नाही.

चौथी भूमिका: विश्रांती हा हक्क

अनुवादाच्या पाचव्या अध्यायातले कारण इथे पुढे येते. ज्याला सुट्टीच नाही त्याला विसाव्याचा उपदेश करणे पोकळ आहे, असे ही भूमिका मानते. महाराष्ट्रात रविवारच्या सुट्टीचा इतिहास गिरणगावातून सुरू होतो आणि त्याचे श्रेय महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांना जाते. त्यांनी उभारलेल्या कामगार चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, हे कारणही त्या मागणीत होते. साहेबाच्या उपासनेचा दिवस सत्यशोधकांच्या आणि खंडोबाच्या भक्तांच्या आग्रहाने कामगाराचा विश्रांतीचा दिवस झाला, ही मराठी इतिहासातली एक लोभस गुंतागुंत आहे.

ख्रिस्ती धर्मविचारात हा धागा दलित धर्मविज्ञानाने पुढे नेला. जालना भागाशी नाते सांगणारे मराठी धर्मचिंतक अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये केलेले भाषण या प्रवाहाचा आरंभ मानले जाते. भारतीय ख्रिस्ती विचार ब्राह्मणी तत्त्वज्ञानाच्या आवर्तात अडकला आणि चर्चमधल्या बहुसंख्य दलितांचे दुःख त्यात उमटलेच नाही, हा त्यांचा आक्षेप. आश्रम, संस्कृत श्लोक आणि आरती यांत शांती शोधणाऱ्या तिसऱ्या भूमिकेला हा थेट प्रश्न आहे: ज्या परंपरेने आमच्या आजोबांना विहिरीपासून दूर ठेवले, तिच्या भाषेत आम्हाला विसावा कसा मिळेल? आश्रमवाल्यांचे उत्तर असे की संतपरंपरा ब्राह्मणी नव्हती, चोखामेळा तिथलाच.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींचे लाभ मिळत नाहीत. बौद्धांना ते १९९० मध्ये मिळाले. ज्या शहरात बाबासाहेब आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालय उभारले, तिथे ख्रिस्ती आणि बौद्ध शेजाऱ्यांत हा फरक रोजच्या बोलण्यात येतो.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी याच भूमिकेला पर्यावरणाची जोड दिली. वसईतल्या हरित वसई चळवळीत ते पुढे होते, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे धाराशिवला, भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. जमिनीलाही विसावा हवा, हा जुन्या करारातला सातव्या वर्षीच्या पडीचा विचार पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या पर्यावरणविषयक पत्रातही येतो.

या भूमिकेवरचा आक्षेप सरळ आहे. न्याय मिळाला, पगारी सुट्टी मिळाली, तरी माणूस आतून अस्वस्थ राहू शकतो. मोर्च्याने मनाची तळमळ शमत नाही.

प्रत्यक्षात काय दिसते

कागदावर चार भूमिका वेगळ्या असल्या तरी घरात त्या एकत्र नांदतात. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला सप्टेंबरमध्ये भरणारी मतमाउलीची, म्हणजे मारियामातेची, यात्रा याचे ठळक उदाहरण आहे. मराठवाडा, नगर आणि नाशिक भागांतून लोक ट्रॅक्टर, टेम्पो आणि एसटीने येतात. त्यात हिंदू आणि बौद्धही असतात. नऊ दिवसांची नोव्हेना, मिस्सा, नवसाच्या मेणबत्त्या, रात्रभर भजने, आणि बाहेर पाळणे व रेवड्या-शेंगदाण्याची दुकाने. संस्कार, उमाळा, एकांतातला जप आणि ऊसतोडीच्या हंगामाआधीची सुट्टी हे सगळे इथे एका फेरीत मिळते.

नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे उदाहरणही कोणत्याच खान्यात बसत नाही. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर त्या कित्येक वर्षे हिंदूच राहिल्या, आधी काही काळ त्यांच्यापासून दूर. त्यांचे मन बदलले ते कोणत्याही सभेत बदलले नाही. सोवळे-ओवळे, कोणाच्या हातचे पाणी चालते, जात कोणी केली, अशा स्वयंपाकघरातल्या प्रश्नांवर स्वतःशी वाद घालत त्या पुढे सरकल्या. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे इतक्या विनोदी सहजतेने सांगितले आहे की त्याला कोणी साधना म्हणणार नाही.

संशोधन आणि कायदा

शांतीचे मोजमाप करण्याचे प्रयत्नही झाले आहेत. २०१६ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सुमारे ७४ हजार परिचारिकांच्या माहितीवरून निष्कर्ष काढला की आठवड्यातून एकाहून अधिक वेळा उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांत अभ्यासाच्या काळातले मृत्यूचे प्रमाण, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. सोबतीचा आधार, धूम्रपानाचे कमी प्रमाण आणि नैराश्याचा अभाव ही त्याची काही कारणे. उलट, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवरच्या एका चाचणीत परक्यांनी प्रार्थना केल्याचा काहीच फायदा दिसला नाही. दोन्ही अभ्यास अमेरिकेतले आहेत. वाळूजच्या कामगाराविषयी त्यांतून थेट काही सांगता येत नाही.

कायद्याची बाजूही आहे. १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय कायदा चमत्काराने आजार बरे करण्याच्या जाहिरातींना मनाई करतो. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अघोरी उपचारांवर बंदी घालतो. प्रार्थना आणि उपासना यांना त्याने हात लावलेला नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा नागरिकाचा हक्क ठरवला. उपवास-प्रार्थनेच्या नावाखाली मनोरुग्णाच्या गोळ्या बंद करणे चुकीचे, यावर जबाबदार पाळकांत फारसे दुमत नाही. ते प्रत्येक वस्तीपर्यंत पोहोचवायचे कसे, याविषयी मात्र आहे.

काय बाकी आहे

तीन प्रश्न उघडे आहेत. पहिला वेळेचा. कॅथोलिक नियमाप्रमाणे शनिवारच्या संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून चालते, त्यामुळे पाळीवाल्यांची काही सोय होते. प्रोटेस्टंट मंडळ्यांत असा ठरावीक पर्याय नाही. कंत्राटी कामगार, सुरक्षारक्षक, रुग्णालयातल्या परिचारिका आणि घरपोच सामान पोहोचवणारी मुले यांच्यासाठी उपासनेची वेळ बदलावी की त्यांच्या सुट्टीसाठी मंडळीने बोलावे, यावर एकमत नाही.

दुसरा प्रश्न बायकांचा. उज्जीवन सभांत आणि यात्रेत त्या सर्वाधिक असतात, आणि घरी परतल्यावर चूलही त्यांनाच पेटवावी लागते. शब्बाथाच्या आज्ञेत दासदासी, बैल आणि गाढवही मोजले आहेत. घरच्या बाईच्या सुट्टीचा विचार मराठी मंडळ्यांत अजून नीट झालेला नाही. रमाबाईंच्या भूमीत ही उणीव खुपणारी आहे.

तिसरा प्रश्न इतरांना विसावा देणाऱ्यांच्या थकव्याचा. खेड्यातल्या एकाच पाळकाकडे चार-पाच गावे, लग्ने, मयती, भांडणे आणि सरकारी कागदपत्रे असतात. त्याने कोणाकडे जायचे?

एकंदर पाहता या चर्चेत कोणतीही एक भूमिका दुसरीला खोडून काढू शकलेली नाही. मराठी अनुभव सांगतो की संस्कार माणसाला सांभाळून धरतात, उज्जीवन तुटलेल्याला उठवते, मौन खोली देते, आणि न्यायाची मागणी या तिघांना प्रामाणिक ठेवते. तरीही पहिल्या तीन भूमिकांवर ग्रंथ आहेत, संस्था आहेत, शिबिरे आहेत. चौथीच्या वाट्याला भाषणे जास्त आणि कृती कमी आली. मराठवाड्यातल्या दोन्ही धर्मप्रांतांनी आणि स्वतंत्र मंडळ्यांनी एकत्र येऊन आपल्या सभासदांतले किती जण रविवारी कामावर असतात, एवढी साधी नोंद केली तरी पुढची चर्चा नुसत्या मतांवर न राहता माहितीवर उभी राहील. १८४२ पासूनचा ‘ज्ञानोदय’ आणि १९०३ पासूनचा ‘निरोप्या’ यांच्या जुन्या अंकांत आधीच्या पिढ्यांनी या प्रश्नावर काय लिहिले, तेही कोणीतरी पद्धतशीर वाचून काढायला हवे. ही दोन्ही कामे आजच हाती घेता येण्याजोगी आहेत.